विषाणूजन्य आजारानंतरचे पुनर्वसन आणि रुग्णाचे कुपोषण : शिरगाव (मावळ) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

आजार बरा होणे आणि रुग्ण बरा होणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ताप उतरला, तपासणीत विषाणू आढळेनासा झाला, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण पूर्ववत झाले की रुग्णास घरी सोडण्यात येते. त्यानंतर कित्येक आठवडे त्याला जिना चढवत नाही, पाण्याची कळशी उचलवत नाही, खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागतो. या साऱ्याला 'अशक्तपणा' असे नाव देऊन 'जाईल हळूहळू' या शब्दांत त्याची बोळवण केली जाते. वस्तुतः या अशक्तपणाचा मोठा भाग म्हणजे कुपोषण होय. आणि ते पुष्कळदा रुग्ण रुग्णालयात असतानाच, उपचार योग्य चाललेले असतानाही, घडलेले असते. हे कुपोषण कसे घडते, पुनर्वसनाच्या फलितावर त्याचा काय परिणाम होतो आणि ते नजरेआड का राहते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी मावळ तालुक्यातील शिरगाव व त्याच्या आसपासचा पट्टा समोर ठेवला आहे. सोमाटणे फाट्याजवळील हे गाव साईमंदिरामुळे 'प्रतिशिर्डी' म्हणून सर्वत्र परिचित आहे. एका अंगास पवन मावळाची भातखाचरे, तर दुसऱ्या अंगास द्रुतगती महामार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत आणि पिंपरी-चिंचवडचे नागरीकरण, अशा सांध्यावर तो वसलेला आहे. गंभीर आजारी माणसाला येथून तळेगावला किंवा पिंपरीला नेता येते. दुर्गम भागासारखी रुग्णालयाची वानवा येथे नाही. म्हणूनच हा परिसर या प्रश्नासाठी विशेष बोलका ठरतो. रुग्णालय जवळ असूनही जी उणीव शिल्लक राहते, ती अंतराची नसून दृष्टीची असते. प्रस्तुत लेख सर्वेक्षणावर आधारलेला नाही. प्रकाशित वैद्यकीय संशोधन आणि या भागातील नित्याची आहारपद्धती यांची सांगड घालण्याचे काम येथे केले आहे.

कुपोषणाची संकल्पना

कुपोषण म्हटले की मेळघाटातील किंवा जव्हार-मोखाड्यातील बालक डोळ्यांसमोर येते. प्रौढ माणूस, त्यातही अंगाने भरलेला, कुपोषित असू शकतो ही कल्पना सहजासहजी पटत नाही. २०१९ साली विविध देशांतील क्लिनिकल पोषणविषयक संघटनांनी एकत्र येऊन कुपोषणाच्या निदानाचे जे निकष प्रसिद्ध केले, ते 'ग्लिम निकष' या नावाने ओळखले जातात. त्यांनुसार शरीरात दिसणारे एक लक्षण आणि त्यामागील एक कारण अशा दोन गोष्टी एकत्र आढळल्यास कुपोषण मानले जाते. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे, देहभार निर्देशांक म्हणजेच बीएमआय कमी असणे किंवा स्नायूंचे प्रमाण कमी होणे ही लक्षणे होत. तर आहार घटणे, अन्नशोषणात बिघाड असणे किंवा शरीरात दाह निर्माण करणारा आजार असणे ही कारणे होत.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास या व्याख्येचे महत्त्व ध्यानी येईल. शिरगाव परिसरातील ५८ वर्षांचा एक शेतकरी आहे, त्याची उंची १६५ सेंटिमीटर आणि आजारापूर्वीचे वजन ६६ किलो आहे, असे समजू. तीव्र विषाणूजन्य न्यूमोनियाने तो पंधरा दिवस रुग्णालयात राहिला आणि घरी परतला तेव्हा त्याचे वजन ६० किलो भरले. त्याचा बीएमआय आता २२ आहे, म्हणजे कोणत्याही तक्त्यात तो 'सामान्य' या रकान्यातच बसेल. परंतु त्याचे वजन तीन आठवड्यांत ९ टक्क्यांनी घटले आहे आणि कारणही स्पष्ट आहे. ग्लिम निकषांनुसार हा गृहस्थ कुपोषित आहे. त्याचे पूर्वीचे वजन कोणी विचारले नसेल, तर ही गोष्ट कोणालाही कळणार नाही. 'जरा बारीक झाला, बरंच झालं, पोट सुटलं होतं' असा शेराही एखादा शेजारी मारील.

आजारापूर्वीची स्थितीही विचारात घ्यावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील २०.८ टक्के स्त्रिया व १६.२ टक्के पुरुष यांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी होता. याच वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे कित्येकांच्या बाबतीत विषाणू रित्या कोठारावरच येऊन पडतो.

विषाणूजन्य आजारात शरीराचे काय होते

शरीराचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की चयापचयाचा वेग सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. एरवी उपाशी माणसाचे शरीर काही दिवसांनी काटकसर शिकते, चरबी वापरते आणि स्नायू शक्य तितके राखते. दाहाच्या अवस्थेत ही काटकसर मोडून पडते. रोगप्रतिकारक पेशी आणि यकृत यांना तातडीने अमिनो आम्ले हवी असतात आणि त्यांचा सर्वांत मोठा साठा स्नायूंमध्ये असतो. त्यामुळे शरीर स्वतःचेच मांस मोडून खाऊ लागते. साध्या उपासमारीत आणि आजारातील उपासमारीत हा मूलभूत भेद आहे आणि तो लक्षात न घेतल्यामुळेच 'चार दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं' असे म्हटले जाते.

अंथरुणाला खिळल्याने या क्षयात भर पडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील मांसल भाग सुमारे १ किलोने घटल्याचे आढळले; त्यांना ठराविक आहार मिळत होता आणि कोणताही आजार नव्हता. २०१३ साली ब्रिटनमधील अतिदक्षता विभागातील रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मांडीच्या पुढील स्नायूचे छेदक्षेत्र दहा दिवसांत १७.७ टक्क्यांनी कमी झाले होते. दहा दिवसांत घालवलेले हे मांस परत मिळवण्यास महिने लागतात.

कोविड-१९ या आजारात आणखी काही गोष्टींची भर पडली. वास व चव गेल्यामुळे अन्नावरची वासना उडाली. ऑक्सिजनचा मुखवटा काढल्याशिवाय घास घेता येत नाही आणि काढला की धाप लागते, म्हणून रुग्ण दोन घासांवर ताट सारत असे. श्वासनलिकेत नळी घालावी लागलेल्यांना पुढे गिळण्यास त्रास होई. जून २०२० नंतर डेक्सामेथासोन हे जीवरक्षक ठरलेले औषध सर्वत्र वापरात आले. त्याचा उपयोग निर्विवाद असला तरी स्टेरॉइड वर्गातील औषधे रक्तशर्करा वाढवतात आणि स्नायूंची झीज करतात, हेही तितकेच खरे. शिवाय संसर्गाच्या भीतीपोटी नातेवाइकांना कक्षात प्रवेश नव्हता. आपल्याकडील रुग्णालयांत रुग्णाला भरवण्याचे काम परिचारिका नव्हे तर घरचे माणूस करते, ही गोष्ट कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेली नसते. ते माणूस बाहेर थांबल्यावर तिचे मोल कळले.

महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच निश्चित झाले. तथापि हा प्रश्न कोविडपुरता मर्यादित नाही. २००६ मध्ये राज्यात मोठ्या प्रमाणावर पसरलेला चिकुनगुन्या, २००९ मध्ये पुण्यात हाहाकार माजवणारा एच१एन१ इन्फ्लुएंझा आणि दर पावसाळ्यानंतर येणारा डेंग्यू यांचीही हीच कहाणी आहे. मावळात तर ऋतुमानाचा एक क्रूर योग जुळून येतो. डासांमुळे होणारे आजार पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढतात आणि त्यापाठोपाठ भातकाढणी येते. भाद्रपदात अंथरुणावर पडलेल्या माणसाला दिवाळीच्या सुमारास विळा हाती घ्यावाच लागतो. त्याचे स्नायू भरून येईपर्यंत पीक शेतात उभे राहत नाही.

फलितांवर होणारा परिणाम

कोविडच्या काळात या विषयाचे मोजमाप अनेक देशांत झाले. चीनमधील वुहान येथे १८२ वृद्ध रुग्णांच्या पाहणीत ५२.७ टक्के रुग्ण कुपोषित आढळले. पॅरिस येथील एका रुग्णालयातील ११४ रुग्णांत हे प्रमाण ४२.१ टक्के होते आणि अतिदक्षता विभागातून बाहेर आलेल्यांत ते ६६.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. इटलीतील मिलान येथे बऱ्या झालेल्या २१३ रुग्णांपैकी ६१ जणांचे, म्हणजे २९ टक्क्यांचे, वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले होते. हे सर्व देश अन्नटंचाईचे नव्हेत.

कुपोषित रुग्णाचे पुनर्वसन मंदावते ते अनेक वाटांनी. श्वसनाचे स्नायू क्षीण असल्याने खोकल्याचा जोर कमी पडतो आणि कफ साचून पुन्हा संसर्ग होतो. त्वचेखालील आधार गेल्याने शय्याव्रण होतात व ते लवकर भरत नाहीत. तोल सावरणारे पाय दुबळे झाल्याने वृद्ध माणूस पडतो. परिणामी रुग्णालयातील मुक्काम लांबतो किंवा घरी गेलेला रुग्ण पुन्हा दाखल होतो.

पोषणाकडे लक्ष दिल्यास खरोखर फरक पडतो काय, हा प्रश्न रास्त आहे; कारण आजार जितका गंभीर तितके वजन अधिक घटते, तेव्हा कुपोषण हे कारण नसून केवळ खूण असू शकते. या शंकेचे सर्वांत समाधानकारक उत्तर स्वित्झर्लंडमधील 'एफर्ट' या चाचणीने दिले. आठ रुग्णालयांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांना चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला रुग्णालयाचे नेहमीचे जेवण आणि दुसऱ्याला आहारतज्ज्ञाने प्रत्येकासाठी आखलेला आहार देण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात १० टक्के, तर दुसऱ्यात ७ टक्के होते. हे रुग्ण नाना तऱ्हेच्या आजारांचे होते, केवळ विषाणूजन्य आजारांचे नव्हते, ही मर्यादा मान्य करूनही हा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही. येथे कोणतेही नवे औषध नव्हते. होते ते अन्न, आणि ते पोटात जाते की नाही हे पाहणारा माणूस.

एक पूर्वपीठिका

ही जाणीव आजची नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या परिचर्येवरील पुस्तकात अन्न समोर असूनही रुग्ण उपाशी राहतात, याकडे लक्ष वेधले होते. १९७४ मध्ये अमेरिकन वैद्य चार्ल्स बटरवर्थ यांनी रुग्णालयातच निर्माण होणाऱ्या कुपोषणाला कपाटात दडवलेल्या सांगाड्याची उपमा दिली. आपल्याकडे १९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर या नात्याचे भीषण दर्शन घडवले. जूनमध्ये तो मुंबईत आला, शरद ऋतूत त्याची दुसरी व अधिक मारक लाट आली आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. धान्य महागले, अर्धपोटी देहांवर साथ आली आणि देशभरात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

त्या काळी वैद्यकाजवळ विषाणूवर औषध नव्हते. परंतु दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला काही काळ हवा, विश्रांती आणि अन्न लागते हे त्याला ठाऊक होते. शिरगावपासून काही किलोमीटरवर, तळेगाव दाभाडे येथे 'तळेगाव जनरल हॉस्पिटल अँड कॉन्व्हलेसेंट होम' या नावाची जुनी संस्था आहे. या नावाचा उत्तरार्ध आज कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही. कॉन्व्हलेसेंट होम म्हणजे आजारातून उठणाऱ्यांचे विश्रामस्थान. प्रभावी औषधे आली, खाटांची किंमत वाढली, मुक्काम आखूड झाला, तशी ही मधली पायरी निघून गेली. आज ती पायरी म्हणजे शिरगावातील एखाद्या घराची ओसरी आहे आणि तेथील आहारतज्ज्ञ म्हणजे त्या घरातील सून किंवा सासू.

पथ्याचा प्रश्न

त्या ओसरीवर रुग्णाला काय मिळते? 'हलके' अन्न. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी मऊ भात व मुगाचे पातळ वरण, संध्याकाळी पुन्हा भाताची पेज, मधूनमधून नारळपाणी, भेटीस आलेल्यांनी आणलेले सफरचंद किंवा मोसंबी आणि रात्री पेलाभर दूध. डाळ जड, कडधान्य वातूळ, अंडे उष्ण, दह्याने कफ, शेंगदाण्याने पित्त. या एकेका समजुतीमागे काही ना काही अनुभव असेलही. परंतु त्या एकत्र आल्या की ताटातून वेचून वेचून प्रथिनेच बाहेर काढली जातात.

या आहाराचा हिशोब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. दिवसभरात १५० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम मूगडाळ, २०० मिलिलिटर दूध, चार बिस्किटे, दोन कप चहा व एक फळ धरले, तर सुमारे १००० कॅलरी आणि २७ ग्रॅम प्रथिने मिळतात. वर उल्लेखिलेल्या ६० किलो वजनाच्या शेतकऱ्याची गरज किती? युरोपीय क्लिनिकल पोषण संघटनेने २०२० मध्ये कोविड रुग्णांसाठी दिलेल्या मार्गदर्शनाचा आधार घेतल्यास प्रति किलो २७ ते ३० कॅलरी, म्हणजे १६२० ते १८०० कॅलरी, आणि प्रति किलो किमान १ ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम प्रथिने. गमावलेले मांस भरून काढायचे तर याहून थोडे अधिकच. निरोगी भारतीय प्रौढासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुचवलेले प्रमाणही प्रति किलो ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे निरोगी असताना लागते त्याच्या जेमतेम निम्म्या प्रथिनांवर हा माणूस शरीर पुन्हा उभारू पाहत असतो.

ही तूट भरून काढण्यास डबाबंद पावडरीच लागतात असे नाही, जरी घरी सोडताना त्यांचीच चिठ्ठी हाती पडण्याचा संभव अधिक असतो. याच आहारात दोन उकडलेली अंडी (१३ ग्रॅम प्रथिने), आणखी २५ ग्रॅम डाळ (६ ग्रॅम), मूठभर म्हणजे ३० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट (सुमारे ७ ग्रॅम), आणखी पाव लिटर दूध (८ ग्रॅम) आणि दुधात कुस्करलेली एक बाजरीची भाकरी (५ ग्रॅम) यांची भर घातली, तर प्रथिने ६५ ग्रॅमच्या वर आणि कॅलरी सुमारे १७०० पर्यंत जातात. देहू-आळंदीच्या सान्निध्यामुळे मावळात माळकरी घरे पुष्कळ आहेत. तेथे अंडे वर्ज्य असते. अशा घरी हुलग्याचे माडगे, हरभऱ्याच्या पिठाचे पिठले, मटकीची उसळ, ताक-दही यांनी तेच काम होऊ शकते. कोरड्या हुलग्यात शंभर ग्रॅममागे २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की या दृष्टीने केवळ पर्यटकांचा खाऊ राहत नाही: तीव्र कुपोषित बालकांसाठी जगभर वापरले जाणारे उपचारात्मक खाद्य शेंगदाण्याच्याच लगद्यापासून बनते. अर्थात मधुमेही रुग्णाने चिक्कीऐवजी नुसते शेंगदाणे खाणेच योग्य.

शिरगावसारख्या ठिकाणी गुरुवारच्या उपवासाचाही विचार करावा लागतो. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असल्या तरी प्रथिने एक ग्रॅमही नसतात. खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटाची. आजारातून उठल्यावर नवस फेडण्यासाठी लगेच उपवास धरणाऱ्यांना निदान दूध, दही व दाणे वाढवण्यास सांगणे वैद्यास अवघड नाही, आणि श्रद्धेलाही त्याने बाध येत नाही.

पथ्याच्या नावे परंपरेला दोष देण्याची मात्र घाई करू नये. आयुर्वेदात शोधनकर्मानंतर जो संसर्जन क्रम सांगितला आहे, त्यात आरंभ पेयेने म्हणजे पातळ पेजेने होतो खरा. पण पुढे विलेपी, मग कडधान्यांचे यूष आणि शेवटी मांसरस अशी चढती पायरी आहे. अग्नी जसजसा वाढेल तसतसे अन्न घट्ट व पुष्ट करत जायचे, हे त्याचे सूत्र. लोकव्यवहारातील पथ्य पहिल्या पायरीवरच अडकून पडले. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांशी बोलताना 'पथ्य सोडा' म्हणण्यापेक्षा 'पथ्य पुढे न्या' म्हणणे अधिक फलदायी ठरेल.

स्त्री-रुग्णाची स्थिती आणखी निराळी आहे. पुरुष आजारी पडला तर त्याला पेज करून देणारे कोणी तरी असते. बाई आजारी पडली तर स्वयंपाकीणच आजारी पडलेली असते. चिकुनगुन्यात तर बोटांचे सांधे इतके धरतात की पीठ मळणे, भाकरी थापणे अशक्य होते. मुलगा-सून कंपनीत पाळीवर जाणारी असली तर दुपारचे जेवण म्हणजे चहा आणि बटर. सर्वांचे झाल्यावर उरेल ते खाण्याची जन्माची सवय आजारपणातही सुटत नाही. रक्तक्षयाचे वर दिलेले आकडे या सवयीशी जोडून वाचावेत.

व्यायाम आणि अन्न यांचे नाते

विषाणूजन्य आजारानंतरच्या पुनर्वसनाची चर्चा बहुधा श्वसनाचे व्यायाम आणि चालणे यांभोवती फिरते. व्यायाम अत्यावश्यक आहेच. अन्न कितीही दिले तरी हालचालीवाचून ते मांसात रूपांतरित न होता चरबीच्या रूपात साठते. परंतु उलट बाजू क्वचितच सांगितली जाते. पुरेशा प्रथिनांवाचून केलेला व्यायाम आधीच झिजलेल्या स्नायूंवर आणखी कर बसवतो. जपानमधील वैद्य हिदेताका वाकाबायाशी यांनी पुढे आणलेल्या 'पुनर्वसन-पोषण' या संकल्पनेचा गाभा हाच आहे की, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांनी वेगवेगळी पत्रके न देता एकच आराखडा करावा. व्यायाम झाल्यानंतर लगेच दूध, अंडे किंवा उसळ असे काही देणे, आणि दिवसाची प्रथिने रात्रीच्या एका जेवणात न कोंबता तिन्ही वेळी विभागणे, इतके तर कोणत्याही घरी जमू शकते.

भरपाईला लागणारा काळ लोक फार कमी धरतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात सहा महिन्यांच्या अर्धउपासमारीनंतर शरीर पूर्ववत करण्यास नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक अन्न द्यावे लागले, आणि चरबी आधी परतली, मांस मागाहून. केवळ 'पूर्वीइतके जेवतो' हे पुरेसे नसते, हा त्याचा अर्थ.

याला एक धोक्याची बाजूही आहे. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या रुग्णाला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांचे प्रमाण झपाट्याने खाली येऊन हृदयावर संकट ओढवू शकते. अशा रुग्णास पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याच आहारावर ठेवून, थायमिन हे जीवनसत्त्व देऊन, मग वाढवत नेले जाते. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात प्रथिनांचे प्रमाण वैद्यानेच ठरवावे लागते. मधुमेहींच्या बाबतीत वेगळीच चूक होते: साखर वर्ज्य करण्याच्या भरात भात, फळ, दूध सारेच तोडले जाते आणि रक्तशर्करा आटोक्यात असलेला पण स्नायू गमावलेला रुग्ण तयार होतो.

मोजमापाचा अभाव

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ सप्टेंबर २०२० रोजी कोविडोत्तर काळजीची नियमावली प्रसिद्ध केली. तीत ताज्या, मऊ, सुपाच्य व समतोल आहाराचा सल्ला होता. योगासने, प्राणायाम, च्यवनप्राश यांचा समावेश होता. घरी मोजायच्या गोष्टींत शरीराचे तापमान, रक्तदाब, रक्तशर्करा आणि गरजेनुसार ऑक्सिजन होते. वजन नव्हते. हा दोष एका कागदाचा नव्हे; आपल्या वैद्यकीय व्यवहारात प्रौढाचे वजन हे औषधाची मात्रा ठरवण्यापुरते लागते, त्याची घट हे स्वतंत्र लक्षण मानले जात नाही.

बालकांच्या बाबतीत असे नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. गोवर आणि कुपोषण यांचे नाते आरोग्ययंत्रणेला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच एक वर्षावरील बालकास 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन लाख एककांच्या मात्रा लागोपाठ दोन दिवस देण्याचा प्रघात आहे. तीव्र कुपोषित बालकांसाठी २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पोषण पुनर्वसन केंद्रे चालतात आणि त्यांत वजन १५ टक्के वाढणे हे घरी सोडण्याचे एक लक्ष्य मानले गेले. अंगणवाडीत तराजू आहे, दंडाची पट्टी आहे, तक्ता आहे. त्याच घरातील साठीच्या आजोबांसाठी यांपैकी काहीच नाही.

क्षयरोग हा जिवाणूजन्य आजार. तरी तुलनेसाठी तो उपयोगी आहे. क्षयरुग्णास निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० करण्यात आले. झारखंडमधील 'रेशन्स' या अभ्यासात २८०० रुग्णांना तांदूळ, डाळ, दूधभुकटी व तेल यांचा मासिक शिधा देण्यात आला. पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. विषाणूजन्य न्यूमोनियातून उठलेल्या माणसासाठी असा शिधा नाही. अन्नसुरक्षा कायद्याचे दरडोई पाच किलो धान्य दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम पडते, आणि ते केवळ तृणधान्य असते. २०२० मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर या काळात प्रत्येक कुटुंबाला महिन्याकाठी एक किलो डाळ किंवा हरभरा मिळत होता. ती तरतूद पुढे थांबली.

शिधा हा शासनाचा विषय झाला. मोजमाप मात्र आजच्या यंत्रणेतही शक्य आहे. उठून उभे राहता न येणाऱ्या रुग्णाच्या दंडाचा घेर मोजता येतो, तो २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास बीएमआय २० पेक्षा कमी असण्याची शक्यता असते. आशियाई निकषांनुसार पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे ही स्नायूक्षयाची खूण होय. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागणे, ही दुसरी खूण. यासाठी लागते ती शिंप्याकडे असते तशी एक टेप, एक खुर्ची आणि घड्याळ. डिस्चार्ज कार्डावर दाखल होतानाचे वजन, घरी जातानाचे वजन आणि आजारापूर्वीचे सांगीव वजन असे तीन आकडे लिहिले, तर घरभेटीस येणाऱ्या आशा कार्यकर्तीला पुढील आकडा त्यांच्याशेजारी लिहिता येईल.

घरी आल्यावर तीन-चार आठवड्यांनी वजन पुन्हा पाहावे. आहार वर सांगितल्याप्रमाणे मिळत असूनही ते वाढत नसेल, तर 'अंगी लागत नाही' म्हणून सोडून न देता थुंकीची व रक्तशर्करेची तपासणी करणे, थायरॉइडचा विकार आणि गिळण्यातील दोष पाहणे आवश्यक ठरते; कारण स्टेरॉइडनंतर उघड झालेला मधुमेह आणि दबून राहिलेला क्षयरोग हे दोन्ही अशा वेळी प्रथम न वाढणाऱ्या वजनाच्याच रूपाने दिसतात.